होनाच्या माहेरी

पुरंदरच्या तहात २३ किल्ले आणि वर्षाला ४ लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला, हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलंय. मोहरा नाहीत, रुपये नाहीत, होन. समोर आमेरचा मिर्झाराजा बसलेला आणि हिशोब दक्षिणेच्या नाण्यात! हंपीला जायचं ठरलं तेव्हा देवळांच्या यादीबरोबर हा होनही डोक्यात घेऊनच निघालो. त्याचं माहेर तिकडचं, कानडी मुलखातलं.

होस्पेट सोडलं की केळीच्या बागा लागतात आणि मग एकदम ते प्रसिद्ध धोंडे. त्यांचं वर्णन इतक्यांनी केलंय की मी ते सोडून देतो.

आमचा वाटाड्या तिथलाच, हिंदी सफाईदार बोलणारा. हेमकूट टेकडीवर सावलीला टेकलो तेव्हा त्याला विचारलं, ‘होन्नु’ म्हणजे काय? “सोना, सर,” तो म्हणाला, “पण दुकानात चिन्न म्हणतात. होन्नु आता गाण्यात, नाहीतर नावात. होन्नम्मा, होन्नाळी.” म्हणजे होन हे मुळात नाण्याचं नाव नाहीच, धातूचं नाव. जुन्या कानडीत हाच शब्द ‘पोन्नु’ होता. पुढे कानडीतल्या ‘प’चा ‘ह’ झाला, तमिळमध्ये मात्र ‘पोन्’ तसाच राहिला. होनाच्या खालचं चिमुकलं नाणं म्हणजे पणम्, ज्याला इंग्रज फनम म्हणत. त्याचंही कानडीत तेच झालं, पणम्‌चं ‘हण’ झालं. आज कर्नाटकात कुणी ‘हण इल्ल’ म्हणालं तर खिशात पैसे नाहीत असं समजायचं. मोठं नाणं बोलण्यातून गेलं, छोटं सगळ्या पैशाचं नाव होऊन बसलं. मला हे हंपीतल्या कुठल्याही शिल्पापेक्षा मजेदार वाटलं. सोबतच्या मंडळींना नाही वाटलं.

हंपी ही विजयनगर साम्राज्याची राजधानी. विजयनगरात होनाला वराह म्हणत. वराह हे आधी चालुक्यांचं चिन्ह, पुढे विजयनगरच्या राजमुद्रेतही आलं: वराह, उभी तलवार, वर सूर्य आणि चंद्र. गंमत अशी की विजयनगरच्या वराहावर बहुधा वराह नसतोच. पहिल्या हरिहराच्या नाण्यावर हनुमान, अच्युतरायाच्या नाण्यावर गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी. चिन्ह बदललं तरी नाव टिकलं.

कृष्णदेवरायाचा वराह समजून घ्यायचा तर कृष्ण मंदिरात जावं. विठ्ठल मंदिराकडे लोटणारी गर्दी इथे नसते. ओरिसाच्या गजपतीकडून उदयगिरीचा किल्ला जिंकल्यावर रायाने तिथली बालकृष्णाची मूर्ती आणली आणि तिच्यासाठी हे देऊळ बांधलं. गोपुरावर आतल्या बाजूला घोडेस्वार आणि ढाली घेतलेले सैनिक अजून दिसतात. गाभारा रिकामा आहे, मूर्ती चेन्नईच्या संग्रहालयात गेली. पण तोच बालकृष्ण रायाच्या सोन्याच्या नाण्यावर बसलेला आहे, हातात लोण्याचा गोळा घेऊन. मागच्या बाजूला तीन ओळी, चक्क नागरीत: श्री प्रताप कृष्ण राय. वजन सुमारे ३.४ ग्रॅम, आकार सदऱ्याच्या बटणाएवढा. अर्ध्या वराहाला ‘प्रताप’ म्हणत आणि त्याच शब्दाचा पोर्तुगीजांनी ‘पार्दाव’ केला.

कमलापूरच्या पुरातत्त्व संग्रहालयात विजयनगरची नाणी आहेत. काचेला नाक लावून बघावी लागतात. तिथे उभं राहिल्यावर रायगडचा होन आठवणं साहजिक होतं. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरचा, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. तोही लहान, तोही नागरीत, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. मोगली मोहर जवळजवळ ११ ग्रॅमची, तिच्यावरची अक्षरं फारसी. नवा राजा सोन्याचं नाणं पाडताना उत्तरेच्या मोहरेकडे बघत नाही, दक्षिणेच्या होनाकडे बघतो. सिंहासनाबद्दल आपण खूप बोलतो, या निवडीबद्दल कमी. अर्थात व्यवहाराची बाजूही होतीच. १५६५ च्या लढाईत विजयनगर पडलं तरी त्याच्या नायकांनी, म्हणजे मांडलिक सरदारांनी, याच धाटणीची नाणी पाडणं सोडलं नव्हतं. दक्षिणेतल्या सराफाला होन ओळखीचा होता. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाने महाराजांना द्यायची ठरलेली खंडणीही होनांतच, वर्षाला १ लाख.

तुंगभद्रा ओलांडून उत्तरेला गेलं की रायचूरचा दुआब लागतो, तुंगभद्रा आणि कृष्णा यांच्या मधला पट्टा. याच्यासाठी विजयनगर आणि बहमनी, मग विजयनगर आणि आदिलशाही पिढ्यानपिढ्या भांडले. १५२० मध्ये कृष्णदेवरायाने रायचूर घेतलं. काळी जमीन तर आहेच, पण याच पट्ट्यात हट्टीची सोन्याची खाण आहे. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, हट्टीची अजून चालू आहे. पुढच्या खेपेला तिकडे जायचंय, आणि रायचूरचा किल्ला बघायचाय.

इंग्रजांनी होनाला पगोडा म्हटलं आणि मद्रासच्या टांकसाळीत स्वतःही पाडला. एका पगोड्याचे साडेतीन रुपये असा भाव धरत. १८१८ मध्ये कंपनीने मद्रासेत पगोडा काढून रुपया आणला. पेशवाई बुडाली ते हेच साल.