हसू काढून पाहिलं तेव्हा

पोलीस जोडीच्या एका मालिकेचा दुसरा सीझन लिहून तयार होता. निर्मात्याची अट एकच: पहिल्यापेक्षा मोठा वाटला पाहिजे. मोठा म्हणजे नेमकं काय, हे ठरवायला लेखिका, दिग्दर्शक, फाइट मास्टर आणि एडिटर म्हणून मी असे चौघं अंधेरीतल्या एडिट रूममध्ये दिवसभर बसलो. समोर 'लेथल वेपन' या हॉलिवूडच्या पोलीस जोडीच्या चित्रपटमालिकेचे पुढचे तीन भाग होते: १९८९, १९९२ आणि १९९८ चे. १९८७ चा पहिला सगळ्यांना तोंडपाठ असल्यामुळे तो लावलाच नाही. चारही भागांचा दिग्दर्शक रिचर्ड डॉनर आणि जोडीही तीच, मेल गिब्सनचा रिग्ज आणि डॅनी ग्लोव्हरचा मर्टॉ. माणसं तीच ठेवून सिनेमा फुगवत नेला की काय काय बदलतं, हे पाहायला याहून सोयीचं उदाहरण मिळणं कठीण.

तिन्ही भाग एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर घेतले आणि मार्कर लावत गेलो. मारामारी, पाठलाग, स्फोट यांना लाल. निव्वळ हसवणाऱ्या प्रसंगांना पिवळा. पुढे उपयोगी पडेल अशी वस्तू किंवा सवय जिथे पहिल्यांदा दिसते तिथे निळा. मग पिवळे तुकडे बंद करायचे आणि उरलेला सिनेमा सलग पाहायचा. विनोद काढल्यावर अ‍ॅक्शन स्वतःच्या पायावर उभी राहते का, एवढंच तपासायचं होतं.

दुसऱ्या भागात पहिल्याच तासाला अडलो, कारण पिवळा लावलेल्या बऱ्याच जागी निळाही लावावा लागत होता.

रिग्ज पोलीस ठाण्यात पैज लावून स्ट्रेटजॅकेटमधून, म्हणजे हात अंगाशी जखडून टाकणाऱ्या जाकिटातून, सुटतो. स्वतःचा खांदा सांध्यातून निखळवतो, सुटल्यावर आपटून परत बसवतो, सहकारी पैशांची देवाणघेवाण करतात. शुद्ध टवाळकी. पुढे खलनायकाची माणसं त्याला तसंच जॅकेट घालून समुद्रात फेकतात आणि तो पाण्याखाली तोच खांदा निखळवतो. पैजेचा प्रसंग बंद करून आम्ही पाण्याखालचा पाहिला, तर ती सरळ फसवणूक वाटली. लेखकाला ऐनवेळी सुचलेली पळवाट. पैजेसकट पाहिलं की प्रेक्षक रिग्जच्या आधी खांद्याकडे बघतो. त्यातच तो सुटतो तेव्हा पाण्यात त्याला त्याच्या प्रेयसीचा, रीकाचा मृतदेह दिसतो. जी गोष्ट हसायला म्हणून शिकवली, तीच वापरून माणूस वर येतो आणि हाती शोक लागतो. पटकथेतली ही जोडणी मला या पूर्ण मालिकेतली सर्वांत पक्की वाटते.

तीच गत खिळे मारायच्या बंदुकीची. मर्टॉच्या घरी नवीन खोलीचं सुतारकाम चालू आहे, त्यावरून घरात थट्टा आहे. घरात मारेकरी शिरतात तेव्हा तीच खोली आणि तेच हत्यार. मास्टरांनी इथे हरकत घेतली: खऱ्या नेलगनच्या तोंडाशी सेफ्टी असते, टोक लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही, आणि सुटलाच तर थोड्याच अंतरावर भरकटतो. मुद्दा बरोबर आहे. पण सुतारकाम आधी दाखवलेलं असल्यामुळे पाहताना हा प्रश्न कोणाला पडत नाही. हत्यार घरातलं आहे, एवढं पुरतं.

कमोडचा प्रसंग तर वर्गात शिकवावा असा. मर्टॉ बसला आहे, खाली बॉम्ब आहे, उठला की फुटणार. म्हणजे ट्रिगर दाब सुटण्यावर चालणारा. बॉम्बपथक द्रव नायट्रोजन ओततं, ज्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. कल्पना अगदीच हवेतली नाही: इतक्या थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ठिणगी द्यायला लागणारा प्रवाह मिळत नाही. सिनेमात त्यामुळे क्षणभराची सवलत मिळते आणि दोघं शेजारच्या बाथटबमध्ये उडी घेतात. ओतीव लोखंडाचा टब ही त्या खोलीतली एकमेव आडोशाची जागा, आणि ती पहिल्यापासून फ्रेममध्ये आहे. आता त्याच प्रसंगातलं मोजणं बघा. तीन म्हटल्यावर उठायचं, की एक-दोन-तीन आणि मग उठायचं? हा वाद पिवळा आहे. तो काढला तर स्फोट उरतो, पण दोघांची वेळ जुळेल का ही धाकधूक जाते, आणि त्या प्रसंगात सस्पेन्स म्हणून दुसरं काहीच नाही.

पहिल्या दोन भागांचा एडिटर स्टुअर्ट बेअर्ड. दुसरा भाग सुरू होतो तेव्हा पाठलाग आधीच चालू असतो, तोही निर्मात्या कंपनीच्या चिन्हावर कार्टूनची धून वाजवून. कोण, कुठे, का, काही सांगत नाहीत. पहिल्या भागात ओळख झाली आहे ना, मग वेळ का घालवा? गाडी आपटते आणि डिकीतून सोन्याची नाणी बाहेर पडतात: दक्षिण आफ्रिकेचे क्रुगररँड. आज पाहणाऱ्याला ते नुसतं सोनं वाटेल. पण वर्णभेदाच्या निषेधार्थ अमेरिकेने १९८५ मध्ये या नाण्यांची आयात बंद केली होती. म्हणजे डिकी उघडताच माल बेकायदा, आणि तो कोणाचा याचा अंदाज १९८९ च्या प्रेक्षकाला एकाही संवादाशिवाय येत होता. आपल्याकडे तर दक्षिण आफ्रिकेशी व्यापारबंदी १९४६ पासूनची, आणि राजनैतिक संबंध जुळले ते १९९३ मध्ये.

खलनायक हा दक्षिण आफ्रिकेचा लॉस एंजेलिसमधला अधिकारी. त्याची ढाल म्हणजे राजनैतिक संरक्षण, परदेशी मुत्सद्द्यांना अटक आणि खटल्यापासून मिळणारी सूट, आणि कायद्याच्या बाजूने इथे पटकथा कच्ची आहे. १९६१ च्या व्हिएन्ना करारातलं जवळजवळ पूर्ण संरक्षण दूतावासातल्या मुत्सद्द्यांना. दूतावास वॉशिंग्टनला, लॉस एंजेलिसमध्ये असतात ते वाणिज्य दूतावास. तिथल्या अधिकाऱ्यांना १९६३ चा वेगळा करार लागू होतो, आणि त्यात संरक्षण फक्त सरकारी कामापुरतं. गंभीर गुन्ह्यात न्यायालयाच्या आदेशाने अटकही होऊ शकते. लेखिकेने विचारलं, "मग हे चाललं कसं?" चाललं, कारण सिनेमाने खलनायकाला भारदस्त पद दिलं आणि तो कागद पुढे करताना खलनायक झालेल्या जॉस अ‍ॅकलंडच्या चेहऱ्यावर जी मगरुरी आहे ती खरी वाटते. वर ग्लोव्हर स्वतः वर्णभेदविरोधी चळवळीतला. १९८७ मध्ये टीव्हीसाठी त्याने नेल्सन मंडेला साकारले होते. शेवटची गोळी त्यालाच झाडायला दिली, यात निर्मात्यांची नेमकी समज दिसते.

खांबांवरचं घर पिकअपने ओढून पाडतात, त्यावर मास्टर बराच वेळ थांबले. मलहोलँड ड्राइव्हवरचं ते घर म्हणजे वास्तुविशारद जॉन लॉटनरने बांधलेलं गार्सिया हाऊस. ते आजही शाबूत आहे. पाडली ती सिनेमासाठी उभारलेली प्रतिकृती. असलं काम एकदाच होतं. चार-पाच कॅमेरे, प्रत्येकाची लेन्स वेगळी, एखादा जास्त स्पीडवर, आणि पडण्याची दिशा आधीच कापून ठेवलेल्या जोडांनी ठरवलेली. एक कॅमेरा चुकला तरी घर परत बांधता येत नाही. मास्टरांचं म्हणणं, "पाडायला अक्कल लागत नाही, कुठे पडणार याला लागते."

पहिल्या भागाचा लेखक शेन ब्लॅक याच्या मूळ मसुद्यात दुसऱ्या भागाच्या शेवटी रिग्ज मरतो. स्टुडिओला ते नको होतं, ब्लॅक बाजूला झाला आणि पटकथा जेफ्री बोमने लिहिली. धंद्याच्या हिशेबाने निर्णय बरोबरच ठरला. मात्र त्यानंतर रिग्जला मारता येत नाही हे प्रेक्षकालाही कळून चुकलं, आणि तिसऱ्या भागापासून लाल मार्करवाल्या प्रसंगांतली भीती ओसरली.

तिसऱ्याची सुरुवात इमारतीपासून होते. रिग्ज बॉम्बची चुकीची तार कापतो, दोघं मांजर उचलून पळतात, मागे आख्खी इमारत खाली येते. ही इमारत खरी: फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहराचा जुना सिटी हॉल. २४ ऑक्टोबर १९९१ ला तो पाडायचाच होता, सिनेमावाल्यांनी तिथे कॅमेरे लावले. नियंत्रित पाडकामात मुळात धुरळा उडतो, आगीचे लोळ उठत नाहीत. पडद्यावर दिसतात त्या ज्वाळा सिनेमाची सोय. मागे उभं राहून टाळ्या वाजवणारा पोलीस म्हणजे त्या वेळचे ऑर्लँडोचे महापौर बिल फ्रेडरिक. शेवटच्या श्रेयनामावलीनंतर पडते ती सेंट पीटर्सबर्गमधल्या सोरेनो हॉटेलची इमारत, तीही अशीच पाडायला काढलेली. दुसऱ्याचं पाडकाम फुकटात पदरात पाडून घेण्याची ही युक्ती आपल्या बजेटला मानवणारी आहे; दिग्दर्शकाने वहीत लिहून घेतली.

पिवळे तुकडे काढल्यावर या भागात गमतीशीर निकाल लागला. कुत्र्याच्या बिस्किटांचा विनोद काढता आला नाही. सिगारेट सोडायची म्हणून रिग्ज ती खात असतो आणि गोदामावरच्या राखणदार कुत्र्याला त्यांवरच वश करतो. बाकीचे बहुतेक विनोद मात्र सहज निघाले. मर्टॉच्या निवृत्तीचे दिवस मोजणं, जो पेशीने केलेला बडबड्या लिओ, त्याच्या फजिती, सगळं काढलं तरी कथानकाला ओरखडा नाही. अपवाद रिग्ज आणि रेने रूसोने केलेल्या पोलीस अधिकारी लोर्नाने एकमेकांना जखमांचे व्रण दाखवण्याचा. तो हसवतोही, आणि पुढच्या मारामारीत ती कोणाच्या आडोशाला उभी राहणार नाही हेही सांगून ठेवतो.

या भागात एक प्रसंग बाकी सगळ्यापेक्षा वरचढ आहे. मर्टॉच्या गोळीने एक पोरगा मरतो, तो त्याच्याच मुलाचा मित्र निघतो. मग बोटीवर दारू पिऊन बसलेला मर्टॉ आणि त्याला सावरायला आलेला रिग्ज. पहिल्या भागात मरणाला टेकलेला रिग्ज होता, इथे जागा बदलल्या आहेत. पण इतकं वजन टाकल्यावर शेवट येतो तो चिलखतभेदी गोळ्यांनी. त्या गोळ्या बुलडोझरच्या जाड पोलादी पात्यातून आरपार जातात. हातातल्या छोट्या बंदुकीची गोळी, कितीही कठीण गाभ्याची असली तरी, एवढं करत नाही. पोलिसांच्या जाकिटातून जाणाऱ्या असल्या गोळ्यांवर अमेरिकेत १९८६ मध्येच कायदा झाला होता, म्हणजे विषय गंभीर आणि खरा होता. सिनेमाने त्याला शेवटी जादूची कांडी करून टाकलं.

चौथ्याचं चित्रीकरण जानेवारी १९९८ मध्ये सुरू झालं आणि १० जुलैला तो प्रदर्शित झाला. पटकथा पूर्ण नव्हती, शूटिंगबरोबर लिहिली जात होती. टाइमलाइनवर ते उघड दिसतं. १२७ मिनिटं, म्हणजे दुसऱ्यापेक्षा १३ जास्त, आणि पिवळे तुकडे जवळपास सगळे सुटे. ख्रिस रॉक आणि पेशी मोबाईलवरून वैतागतात तो प्रसंग हसवतो, पण कुठल्याच लाल तुकड्याला शिवत नाही. आम्ही सगळे पिवळे बंद केले तरी मारामारीचं काहीही बिघडलं नाही. सलग पाहताना खोलीतलं कोणी चकार शब्द बोललं नाही.

हायवेवरचा पाठलाग मात्र मास्टरांनी तीनदा लावायला सांगितला. ट्रकने ओढत नेलेल्या घराच्या उघड्या बाजूतून रिग्ज प्लास्टिकच्या कापडासकट बाहेर पडतो आणि उलट्या टेबलावर बसून रस्त्यावरून घसरत जातो. आपल्याकडे करायचं झालं तर? टेबलाखाली स्टीलच्या घसरपट्ट्या, कापडाआड लपवलेली केबल, कलाकाराच्या कमरेला वेगळा रोप, म्हणजे टेबल सुटलं तरी माणूस सुटत नाही. गाडी तासाला ४० किलोमीटरच्या वर न्यायची नाही. कॅमेरा जमिनीलगत, वाइड लेन्स, आणि सेकंदाला २४ ऐवजी २२ फ्रेम्सवर चित्रण: पडद्यावर वेग साधारण ९ टक्क्यांनी वाढतो. २० च्या खाली गेलात की हातपाय कार्टूनसारखे हलतात.

आणि चौथ्यातला खलनायक जेट ली. त्याचा हा पहिला हॉलिवूडपट. रिग्जने रोखलेल्या बेरेटा पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, तो एका हालचालीत काढून टाकतो. खऱ्या बेरेटा ९२ ला उजवीकडचं बटण दाबून डावीकडची कळ खाली फिरवावी लागते, तेव्हा स्लाइड पुढे निघते. म्हणजे अशक्य नाही, पण समोरचा हात हलवत असताना जवळपास तसंच. तरी हा शॉट संपूर्ण भागात सर्वांत मोठा वाटतो. एकही स्फोट नाही. तीन भाग ज्या पिस्तुलाच्या जोरावर रिग्ज वावरला, ते त्याच्या हातात लोखंडाचा तुकडा होऊन राहतं. मास्टर म्हणाले, "मॅडम, याला खर्च किती? एक डमी पिस्तूल."

लेखिकेने तिथेच आमच्या सहाव्या भागातला कंटेनर यार्डातला स्फोट खोडला. त्यावर शूटिंगचे दोन दिवस आणि एका जुन्या ट्रकचे पैसे ठेवलेले होते. त्याऐवजी आमच्या निवृत्तीला आलेल्या सहायक फौजदाराचा एक कान तिने बहिरा केला. पहिल्या भागापासून तो साहेबांच्या प्रश्नांना भलतीच उत्तरं देत राहील, लोक हसतील. सहाव्यात साहेब ओरडून सावध करतील आणि त्याला ऐकू जाणार नाही.

मास्टरांनी लगेच विचारलं, कोणता कान? दिग्दर्शक म्हणाला उजवा, गोळीबाराच्या सरावाने गेलेला. मास्टरांनी मान हलवली. जीप फौजदार चालवतो, म्हणजे तो उजवीकडे आणि साहेब त्याच्या डाव्या हाताला. कान डावा असेल तर गाडीतला प्रत्येक प्रसंग आपोआप विनोदाचा होतो, वेगळं लिहावं लागत नाही, आणि शेवटीही साहेबांना त्याच बाजूने धावत आणता येतं. डावा ठरला. दोन दिवसांपैकी एक दिवस जीपच्या आतल्या शॉट्सना दिला, दुसरा मास्टरांनी रिहर्सलला मागून घेतला.