कोरसमध्ये डावीकडून चौथी

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी रात्री आठच्या सुमाराला आम्ही मायलेकी पेनसिल्व्हेनियातल्या एका गॅस स्टेशनवर गाडीत बसून गार झालेली थालीपीठं खात होतो आणि भांडत होतो. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, न्यू जर्सीतल्या एडिसन गावातलं आमचं घर अजून दोन तासांवर होतं आणि सकाळी नऊला माझी ऑफिसात रिलीजची मीटिंग होती. भांडण दुपारी पाहिलेल्या कॉलेजच्या म्युझिकलवरून, म्हणजे गाण्या-नाचाच्या नाटकावरून. लेक म्हणत होती, नायिकेचं काम करणारी मुलगी कसली भारी गायली! मी म्हटलं, गायली ना, छानच गायली. पण ती कोरसमधली डावीकडून चौथी पाहिलीस का?

"कोण चौथी?"

"पिवळ्या झग्यातली. दुसऱ्या अंकात ट्रे घेऊन येते ती."

"आई, तिला एक वाक्यपण नव्हतं."

"तेच तर म्हणतेय मी."

त्या रात्री मला माझं म्हणणं नीट मांडता आलं नव्हतं. आता इथल्या मराठी मंडळातल्या दोन-तीन घरांतून "लेकीच्या नाटकाच्या डिग्रीसाठी तुम्ही कॉलेजं कशी निवडली हो?" असे फोन यायला लागलेत, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

मी सांगलीची. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे 'सीतास्वयंवर' उभं केलं त्या गावची, त्यामुळे नाटकातलं आपल्याला जरा जास्तच कळतं असा आम्हा सांगलीकरांचा जन्मजात समज असतो. आजोबांचं बोट धरून भावे नाट्यमंदिरात संगीत नाटकं पाहिली. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला आमच्या कॉलेजच्या एकांकिकेची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, सांभाळली आणि भरत नाट्यमंदिरात घसा बसेपर्यंत "आव्वाज कुणाचा" ओरडले. पण हे सगळं अभ्यास सांभाळून. नाटक हाच अभ्यास, त्याची चार वर्षांची डिग्री, आणि त्यासाठी कर्ज, असं लेकीने दहावीत जाहीर केलं तेव्हा मी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याने टीव्हीकडे.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. म्युझिकल थिएटरची बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) म्हणजे अभिनय, गाणं आणि नाच तिन्हींचं रोजचं, जवळजवळ तालमीसारखं शिक्षण. अमेरिकेत नाटकाचा पहिला पदवी अभ्यासक्रम पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनने १९१४ मध्ये सुरू केला. आज असे कोर्स देशभर आहेत, पण चांगल्या ठिकाणी एका वर्षाला जेमतेम दोन डझन मुलं घेतात, कुठे त्याहून कमी. मुली अर्ज करतात ढिगाने, मुलगे त्या मानाने कमी. बारावीच्या सुरुवातीलाच प्रीस्क्रीन, म्हणजे दोन वेगळ्या ढंगांची गाणी, एखादं स्वगत आणि नाच, असं सगळं रेकॉर्ड करून पाठवायचं. त्यातून निवड झाली तर जानेवारी-फेब्रुवारीत समोरासमोर ऑडिशन. न्यू यॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिसला युनिफाइड्स भरतात, तिथे अनेक कॉलेजांचे परीक्षक एकाच जागी बसलेले असतात आणि आपली पोरं नंबर लावून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावतात. सांगलीच्या आईला फोनवर हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे दाखवण्याचा कार्यक्रमच की गं." मला यापेक्षा बरी उपमा अजून सापडलेली नाही.

तर मुद्दा असा, की या धावपळीत कॉलेज पोरीला पारखतं. पोरीने कॉलेजला कधी पारखायचं? माहितीपुस्तकं पाहिली तर सगळीकडे तोच फोटो: निळा प्रकाश, वर गेलेले हात, उघडी तोंडं. खाली ब्रॉडवेवर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं. आपल्याकडे क्लासवाले बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो लावायचे, तसंच.

म्हणून ठरवलं, नाटकं बघायची. अकरावीच्या सप्टेंबरपासून बारावीच्या एप्रिलपर्यंत सात पाहिली. कॉलेजांचं वर्षाचं वेळापत्रक ऑगस्ट-सप्टेंबरात लागतं. मोठी म्युझिकल्स बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाहीतर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. बघायची तर अकरावीतच बघून घ्या, बारावीचा हिवाळा ऑडिशनमध्येच संपतो. तिकिटाला आम्ही वीस-पंचवीस डॉलर मोजले, ब्रॉडवेच्या मानाने चणेफुटाणे. खरा खर्च पेट्रोल आणि मोटेलचा.

पहिलं नाटक पाहिलं ते निव्वळ पाहुण्यासारखं. कपडे किती सुंदर, सेट किती मोठा. घरी परत येताना लक्षात आलं की आम्ही नाटक पाहिलं, कॉलेज पाहिलंच नाही.

दुसऱ्या वेळी मध्यंतरात कॉफीच्या रांगेत एका अनुभवी बापाने (तो धाकट्या लेकीसाठी कॉलेजं बघत होता, थोरली आधीच एका कोर्सला) मला हातातलं प्रोग्रॅमचं पुस्तक वाचायला शिकवलं. नावापुढे वर्ष लिहिलेलं असतं, कोर्स लिहिलेला असतो. मुख्य भूमिका सगळ्या चौथ्या वर्षाच्या आहेत का? असू देत, त्यात गैर नाही. पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं कुठे आहेत? बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी रंगमंचावर उभंच करत नाहीत, आधी शिका म्हणतात. हे आधी कळलेलं बरं, नाहीतर पोर नोव्हेंबरात रडत फोन करते. मागच्या नाटकाच्या यादीशी ताडून पाहा, तीच चार नावं पुन्हा पुन्हा वर येतात का. आणि शेवटच्या पानावर बारीक टायपात पडद्यामागच्यांची यादी असते, तीही वाचा. मी प्रॉपर्टीवाली, मी ती आधी वाचते.

आता ती चौथी.

दुसऱ्या अंकाच्या मध्यावर नायिकेचं मोठं गाणं होतं. एकटीचं, पण मागे हॉटेलातली माणसं म्हणून दहा-बारा जणांचा कोरस. ही पोरं कपाळाशी केसांत इवलासा माइक चिकटवतात. घामाने ते माइक कधीकधी दगा देतात. तसंच झालं. दोन ओळींनंतर नायिकेचा आवाज एकदम लांब गेला, विहिरीतून आल्यासारखा, आणि समोर खड्ड्यात बसलेला सोळा-सतरा जणांचा वाद्यवृंद तिला गिळायला लागला. पोरगी गात राहिली, पण खांदे वर चढले.

पहिली हालचाल कंडक्टरची. डावा हात खाली, आणि वाद्यं अशी बसली की जणू तसंच लिहिलेलं होतं. मला एकदम भावे नाट्यमंदिर आठवलं. रंगमंचासमोर बसलेले ऑर्गनवाले मान वर करून गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत असायचे. नटाचा श्वास तुटला की ऑर्गन सूर धरून ठेवायचा, लोकांना पत्ता लागायचा नाही. आजोबा मात्र कोपर मारायचे, "पाहिलंस? सांभाळलं."

मग कोरसने आपला "ऊऽऽ" निम्म्यावर आणला. आणि मग ती पिवळ्या झग्यातली. तिला उभं राहायचं होतं मागे, खांबापाशी. ती ट्रे घेऊन सहा पावलं पुढे आली, वेट्रेसने यावं तशी, आणि नायिकेसमोर कप ठेवायला वाकली. वाकलीच राहिली. कप हळूच ठेवला, बशी सारखी केली, चमचा फिरवला. तिचं कपाळ नायिकेच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. पुढच्या ओळीला आवाज परत आला, थोडा वेगळा, पण पूर्ण. ती चमचा पुसत बसली गाणं संपेपर्यंत. टाळ्या नायिकेला. चौथी ट्रे घेऊन खांबापाशी परत.

लेकीला वाटलं, माइक आपोआप चालू झाला. मला शंका होती. नाटक संपल्यावर लॉबीत साउंडवर बसलेला मुलगा सापडला, मी विचारलं. तो इतका खूष झाला की त्याने मला कन्सोलपाशीच नेलं. नायिकेचा माइक मेला होता. ही पुढे आली तेव्हा त्याला कळलं ती काय करतेय, त्याने तिचा चॅनल वर केला. ते गाणं आम्ही चौथीच्या कपाळातून ऐकलं होतं. तालमीत हे ठरलं होतं का? "नाही," म्हणाला, "पण दुसऱ्या वर्षाला आम्ही सगळे साउंडपण करतो, तिला माहीत होतं." प्रोग्रॅम उघडून पाहिलं. दुसरं वर्ष.

माझं म्हणणं एवढंच होतं. नायिका कदाचित येतानाच अशी गात आली असेल, तिला कॉलेजने काय दिलं हे दोन तासांत सांगता येत नाही. ट्रे घेऊन पुढे यायचं मात्र तिथे शिकवलं होतं. आणि आपली पोर पहिली दोन वर्षं कुठे असणार? खांबापाशीच.

उलट अनुभवही आला. एका नावाजलेल्या ठिकाणी, कोणतं ते लिहीत नाही, नायक-नायिका अशी की उद्या ब्रॉडवेवर उभं करा. मागे वीस मुलं. वीसही जणांच्या चेहऱ्यावर एकच हसू, लग्नातल्या व्हिडिओवाल्यासमोर आणतात तसं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. संगीत रेकॉर्डेड ट्रॅकवर. आता ट्रॅक वापरणं हा काही गुन्हा नव्हे, छोट्या कॉलेजला वाद्यवृंद परवडत नाही. पण तिथे संगीताची मोठी शाखा त्याच आवारात होती! लेकीला ते नाटक फार आवडलं. आमचं त्यावरही भांडण झालं, पण छोटं.

एक मात्र कबूल करायला हवं. मोठ्या रंगमंचावर जे दिसतं ते अर्धंच. एका कॉलेजात एका रात्री मोठ्या नाटकाची तिकिटं संपली होती, म्हणून आम्ही तळघरातल्या काळ्या खोलीत मुलांनी स्वतः केलेला प्रयोग पाहिला. फाटकी गादी आणि एक पियानो. लेक तिथून बाहेर आली तेव्हा पहिल्यांदाच तिने कुणाचं कौतुक केलं नाही, गप्प होती. घरी आल्यावर मी वाचत बसले. कार्नेगी मेलनमध्ये मुलांनी चालवलेला स्कॉच अँड सोडा नावाचा क्लब आहे. त्यात १९६७ साली स्टीफन श्वार्ट्झ या विद्यार्थ्याने सहकाऱ्यांसोबत केलेल्या 'पिपिन, पिपिन'मधूनच पुढे १९७२ मध्ये ब्रॉडवेचं 'पिपिन' निघालं. आणि मिशिगन विद्यापीठातल्या पासेक आणि पॉल या जोडगोळीची गोष्ट तर मी लेकीला जेवताना तीनदा सांगितली: कॉलेजच्या म्युझिकलमध्ये दोघांना अगदी किरकोळ कामं मिळाली, वैतागून त्यांनी २००५ मध्ये स्वतःचाच गाण्यांचा कार्यक्रम लिहिला, आणि बारा वर्षांनी दोघं ऑस्करच्या मंचावर गीतकार म्हणून उभे. तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आई, मला किरकोळ काम मिळणार हे तू गृहीतच धरलंयस ना?" मी वरण वाढलं.

म्हणून नाटक बघायला जाल तेव्हा नोटीस बोर्डही बघा. मुलांचे स्वतःचे प्रयोग लागलेत का, खोली कोण देतं, शिक्षक बघायला येतात का. सिरॅक्यूजला विद्यापीठाचा नाट्यविभाग आणि सिरॅक्यूज स्टेज ही व्यावसायिक संस्था एकाच इमारतीत आहेत, तिथे मुलांना त्या व्यावसायिक नाटकांत काम मिळतं का, असे वेगळे प्रश्न विचारावे लागतात. आणि कॅम्पस टूर देणाऱ्या मुलांना काही विचारू नका. त्यांना पढवलेलं असतं. लॉबीत मेकअप अर्धवट पुसून पिझ्झा शोधणाऱ्या पोरांना विचारा.

शनिवारी रात्रीपेक्षा रविवारी दुपारचा प्रयोग बघावा असं माझं मत झालंय. दमलेली असतात, घसे बसलेले असतात, खोटं करायला ताकद उरलेली नसते. नवऱ्याचं मत, मला रविवारी दुपारी बरं पडतं म्हणून मी हे शास्त्र काढलंय.

तर, पोरगी आता पहिल्या वर्षाला आहे. कुठे ते लिहायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. चौथीचं कॉलेज नाही, तिथे वेटलिस्टवर राहिली. मागच्या महिन्यात तिच्याकडचं म्युझिकल बघायला आम्ही दोघं पाच तास गाडी हाकत गेलो. प्रोग्रॅम उघडून मी सवयीने शेवटचं पान काढलं. बारीक टायपात, रन क्रू, म्हणजे प्रयोग चालू असताना पडद्यामागून सामान हलवणारी मंडळी, त्या सात नावांत तिचं नाव. पहिल्या वर्षाला सगळ्यांना हेच काम. नवरा चष्मा सरसावून मध्यंतरापर्यंत तिला रंगमंचावर शोधत होता, मी त्याला सांगितलंच नाही.

दुसऱ्या अंकात काळोख होतो आणि त्या काळोखात एक उंच लोखंडी जिना उजव्या विंगेतून मध्यावर येतो. त्याला चाकं आहेत, चौघं ढकलतात, आणि वरचा नट प्रकाश यायच्या आत दुसऱ्या पायरीवर असावा लागतो. आठ मात्रांचा वेळ. मी मोजल्या. सातव्या मात्रेला चाकांना खीळ बसल्याचा बारीक "टक" आवाज आला, आठवीला दिवा लागला आणि नट पायरीवर होता.

मी नवऱ्याला कोपर मारलं.