नवी वसाहत आणि तिचे सांधे : लाइड्से राइन व हाउटेन येथील दोन दिवसांची सायकलफेरी

नव्याने वसवलेल्या उपनगराच्या मध्यभागी सायकलवाट बहुधा चांगलीच असते, कारण तिथे जागा मोकळी असते आणि नकाशा कोऱ्या कागदावर काढलेला असतो. तिचा कस लागतो तो कडेला, म्हणजे जिथे नवी वस्ती जुन्या शहराला, कालव्याला, महामार्गाला किंवा रेल्वेमार्गाला भिडते त्या सांध्यांवर. हे सांधे प्रत्यक्ष सायकल चालवून पाहावेत या हेतूने मी नेदरलँड्समधील युट्रेक्ट शहरात मुक्काम केला. पहिला दिवस मी शहराच्या पश्चिमेकडील लाइड्से राइनसाठी ठेवला आणि दुसरा दिवस दक्षिणेकडील हाउटेनसाठी. नगररचनेत, रस्तेबांधणीत किंवा सायकल चळवळीत काम करणारे वाचक हीच फेरी करू इच्छित असतील तर त्यांना उपयोगी पडेल अशा बेताने हा वृत्तांत लिहीत आहे.

सायकलची सोय आधीच करून ठेवावी. रेल्वेस्थानकांवर मिळणाऱ्या निळ्या-पिवळ्या भाड्याच्या सायकली सर्वत्र दिसतात, पण त्या घेण्यासाठी वैयक्तिक प्रवासकार्डावर नोंदणी करावी लागते आणि पाहुण्याला ती सहज करता येत नाही. त्यामुळे साध्या भाड्याच्या दुकानातून सायकल घेणे सोपे पडते. मागच्या चाकाला थोपवणारा, पायंडल उलटे दाबून लागणारा ब्रेक ज्यांच्या सवयीचा नाही त्यांनी हाताच्या ब्रेकची सायकल मागून घ्यावी. युट्रेक्ट मध्यवर्ती स्थानकाखालचे तीन मजली सायकलतळ 2019 मध्ये पूर्ण झाले. त्यात 12,656 सायकली मावतात, पहिले 24 तास पैसे पडत नाहीत आणि सायकलवर बसूनच थेट आपल्या रांगेपर्यंत जाता येते. काही काम नसले तरी एकदा आत फिरून यावे, कारण वाट जिथे संपते तिथली सोय हाही वाटेचाच भाग असतो.

स्थानकाच्या पश्चिमेकडून लाइडसेवेख या कालव्याकाठच्या रस्त्याने निघालो आणि साधारण दहा-बारा मिनिटांत ओख-इन-अल या जुन्या वस्तीत पोहोचलो. इथेच पहिला आणि सर्वांत मोठा सांधा आहे. जुने शहर आणि लाइड्से राइन यांच्यामध्ये ॲम्स्टरडॅम-ऱ्हाइन कालवा आडवा वाहतो. त्यातून अवजड मालवाहू बोटी सतत जात असल्यामुळे पूल पाण्यापासून बराच उंच ठेवावा लागतो, आणि उंच पुलाला लांब चढ लागतो. तेवढा लांब चढ बसवायला जुन्या वस्तीच्या बाजूला सरळ जागाच नव्हती. यावर काढलेला तोडगा पाहण्यासाठीच मी इथवर आलो होतो. चढणारी वाट एका प्राथमिक शाळेच्या छपरावरून वळण घेत वर जाते आणि मग 110 मीटरच्या झुलत्या पुलावरून पलीकडे उतरते. युट्रेक्टमध्येच जन्मलेल्या धावपटू डाफ्ने स्खिपर्स यांचे नाव दिलेला हा पूल 2017 मध्ये खुला झाला. खाली वर्ग भरलेले असताना वरून सायकली जातात, आणि पूल, शाळा व बाग मिळून एकच रचना उभी राहते. चढ इतका मंद आहे की सामानासह चढतानाही मला उभे राहून पायंडल मारावे लागले नाहीत.

तरीही पुलाच्या मध्यावर थांबून पाहताना एक गोष्ट मनाला लागून राहिली. लाइड्से राइनमध्ये घरे बांधायला 1990च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात झाली होती आणि हा पूल आला तो त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी. तोपर्यंत या भागातून शहरात जाणाऱ्याला उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या पुलाला वळसा घालावा लागे. नव्या घरात राहायला आलेले कुटुंब पहिल्या काही महिन्यांतच रोजचा प्रवास कशाने करायचा हे ठरवते. एकदा दारात मोटार आली की नंतर बांधलेल्या सुंदर पुलाला त्या सवयीशी झगडावे लागते. सायकलींसाठी जगभर नावाजलेल्या देशातही सांधा असा मागे पडू शकतो, हे मला तिथे उभे राहून नीट कळले.

दुसरा सांधा महामार्गाचा होता, आणि तो वेगळ्या रीतीने सोडवलेला आहे. ए-2 हा देशातील अत्यंत वर्दळीचा महामार्ग थोडा सरकवून सुमारे 1.65 किलोमीटर लांबीच्या बोगद्यात घातला आहे. हा बोगदा 2012 मध्ये पूर्णपणे वापरात आला. त्याच्या छपरावर आता बाग आणि वाटा आहेत. त्यावरून जाताना आपण महामार्ग ओलांडतो आहोत हे नकाशात पाहिल्याशिवाय समजले नाही. हा उपाय अर्थातच फार खर्चिक आहे आणि प्रत्येक ठिकाणी परवडणारा नाही.

लाइड्से राइनच्या आतल्या वाटांबद्दल थोडक्यात सांगतो. तांबडे डांबर, मोटाररस्त्यापासून झाडांच्या किंवा गवताच्या पट्ट्याने वेगळी केलेली वाट, आणि दोन सायकली शेजारी-शेजारी जात असताना समोरून तिसरी निर्धास्त येऊ शकेल एवढी रुंदी, हे जवळजवळ सगळीकडे आढळले. माक्सिमा पार्कभोवतीचा आठ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग तर मोटारींपासून पूर्ण मुक्त आहे. विश्रांती घ्यायची असेल तर ती तिथे घ्यावी.

जिथे बांधकाम अजून चालू आहे तिथे मात्र सावध राहावे लागते. एका ठिकाणी फोनवरील नकाशाने दाखवलेली वाट कुंपणापाशी संपली आणि मला मागे फिरावे लागले. पुढे जाणाऱ्यांनी अशा भागात फोनपेक्षा जागेवरच्या पिवळ्या वळणपाट्यांवर विश्वास ठेवावा. कच्च्या जागी अंथरलेल्या लोखंडी पत्र्यांवरून, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, वळण न घेता सरळ जावे. एरवी मार्ग आखायला क्रमांकांची पद्धत सोयीची आहे. प्रत्येक फाट्याला क्रमांक दिलेला असतो, आपण पाच-सहा क्रमांक कागदावर लिहून घ्यायचे आणि पाट्या पाहत जायचे. हे मार्ग रमत-गमत जाण्यासाठी आखलेले असल्यामुळे रोज कामाला जाणाऱ्यांची सरळ वाट पाहायची असेल तर पांढऱ्या पाटीवरची तांबडी अक्षरे पाहावीत.

दुसऱ्या दिवशी आगगाडीने हाउटेनला गेलो. प्रवास दहा मिनिटांचा आहे. सायकल गाडीत न्यायची असल्यास वेगळे तिकीट लागते, आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ व दुपारी चार ते साडेसहा या वेळांत, जुलै-ऑगस्ट सोडून, ती नेता येत नाही. घडीची सायकल मात्र केव्हाही चालते.

हाउटेन हे 1960च्या दशकात काही हजार वस्तीचे खेडे होते. ते वाढवायचे ठरले तेव्हा रॉब डेर्क्स या वास्तुरचनाकाराने घरांच्या आधी वाटा आखल्या. आज गावाची लोकसंख्या 50,000च्या आसपास आहे आणि मूळ आराखडा अजून शाबूत आहे. गावाभोवती मोटारींचा वळसा-रस्ता आहे. प्रत्येक वस्तीत मोटार फक्त त्या रस्त्यावरून शिरू शकते, आणि शेजारच्या वस्तीत जायचे तर तिला पुन्हा बाहेर पडून फिरून यावे लागते. सायकल मात्र सरळ मध्यातून जाते. हिरवळीतून जाणाऱ्या या मधल्या वाटेवरच शाळा आणि स्थानक आहेत. मी एका वस्तीतून शेजारच्या वस्तीत सायकलने तीन-चार मिनिटांत पोहोचलो. तोच प्रवास मोटारीने किती लांबचा पडतो हे ज्यांना स्वतः पाहायचे असेल त्यांनी नकाशावर दोन्ही मार्ग एकाखाली एक काढून पाहावेत. मोटारीला कोणी मनाई केलेली नाही, तिचा रस्ता फक्त लांबचा केला आहे, आणि सायकलवाटांच्या सुधारणेत हाच सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे असे माझे मत झाले.

वळसा-रस्त्याखालचे भुयारी मार्ग तर सावकाश पाहण्यासारखे आहेत. सायकलस्वाराला वाटेपासून छतापर्यंत अडीच मीटर उंची पुरते आणि मालमोटारीला चार मीटरहून अधिक लागते, म्हणून इथे सायकलला खोल उतरवण्याऐवजी वरचा रस्ता थोडा उचलला आहे. भिंती बाहेरच्या बाजूला कललेल्या आहेत आणि आत शिरण्याआधीच पलीकडचे तोंड दिसते. त्यामुळे संध्याकाळी एकट्याने जातानाही भीती वाटत नाही. भुयारी मार्ग बांधूनही लोक तो टाळतात अशी तक्रार जिथे असेल तिथल्या अभियंत्यांनी या तीन गोष्टी मोजून न्याव्यात. हाउटेन स्थानकाचे सायकलतळही असेच फलाटांच्या खाली आहे, त्यामुळे सायकल लावून जिना चढला की गाडी समोर असते. देशातील सायकलस्वारांच्या संघटनेने या गावाला 2008 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये सायकलनगरीचा मान दिला आहे.

जिथे मोटार आणि सायकल एकाच रस्त्यावर येतात तिथे रस्ता तांबडा आहे आणि पाटीवर ‘आउतो ते खास्त’, म्हणजे ‘मोटार ही पाहुणी’, असे लिहिलेले असते. मोटारचालक खरोखरच मागे थांबून राहतात, तरी नवख्याने वेग अगदी कमी करून रस्ता अडवू नये. रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांची टोके आपल्याकडे असतील तर आपण थांबायचे, आणि काहीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. निळ्या क्रमांकपाटीच्या, ताशी 25 किलोमीटर मर्यादेच्या मोपेड सायकलवाटेवर कायदेशीरपणे येतात, म्हणून ओलांडून पुढे जाण्याआधी मागे पाहावे. चालवताना फोन हातात धरणे 2019 पासून गुन्हा आहे. गटाने जाणाऱ्यांनी वाटेच्या मध्यभागी असलेल्या खुंटांकडे लक्ष ठेवावे, कारण पुढचा सायकलस्वार शेवटच्या क्षणी बाजूला झाला तर मागच्याला खुंट दिसतच नाही.

दोन्ही ठिकाणे एका दिवसात उरकता येतात, पण तसे करू नये. लाइड्से राइनला कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास, शाळा भरण्याच्या वेळी जावे आणि डाफ्ने स्खिपर्स पुलाच्या पायथ्याशी अर्धा तास उभे राहावे. हाउटेनला दुपारी शाळा सुटताना जावे. त्या वेळी मधल्या वाटेवर लहान मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय सायकलने घरी जाताना दिसतात. मी तिथल्या एका बाकावर बसून वहीत दोन्ही आराखडे शेजारी-शेजारी काढले आणि पाचच्या गाडीसाठी सायकल घेऊन फलाटाकडे निघालो, तेव्हा सायकलसह चढण्याची वेळ टळून गेली आहे हे लक्षात आले. मग साडेसहापर्यंत तिथेच थांबलो आणि उरलेल्या वेळात भुयारी मार्गांची उंची मोजून घेतली.