गोणी पन्नास किलो भरते

परळच्या एका रात्रशाळेत मी दहावीला इंग्रजी शिकवतो. दिवसभर राबून आलेली पोरं, काही बायकाही. गाइडातली युक्ती सगळ्यांना पाठ: क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारा, उत्तर येईल ते डायरेक्ट ऑब्जेक्ट, म्हणजे कर्म. युक्ती वाईट नाही, पण आंधळी आहे.

म्हणून त्या संध्याकाळी फळ्यावर मुद्दाम दोन वाक्यं लिहिली. 'द मॅन वेज द सॅक.' 'द सॅक वेज फिफ्टी किलोज.' दोन्हीकडे 'काय?'ला उत्तर मिळतं, त्यामुळे वर्गाने 'सॅक' आणि 'फिफ्टी किलोज' दोन्हींखाली रेघ मारली. मस्जिद बंदरला मसाल्याच्या दुकानात काट्यावर असणारा एक मुलगा तेवढा गप्प होता.

"काय रे?"

"सर, मी गोणी तोलतो तेव्हा तिला चढवतो, उतरवतो. गोणी पन्नास किलो भरते, तेव्हा ती पन्नास किलोला काय करते? ते तिचं वजन झालं."

मी जे पॅसिव्ह करून, म्हणजे ऑब्जेक्ट पुढे आणून वाक्य उलटवून दाखवणार होतो, ते त्याने काट्यावरच दाखवलं! तरी करून पाहिलं. 'द सॅक इज वेड बाय द मॅन' जमलं. 'फिफ्टी किलोज आर वेड बाय द सॅक'ला वर्ग खो खो हसला. मग तिसरं वाक्य दिलं, 'शी बिकेम अ नर्स'. ते तर लगेच निकालात निघालं. नर्स म्हणजे तीच, ते पूरक, ऑब्जेक्ट नाही.

तेवढ्यात घरकामं आटोपून येणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "सर, 'आय हॅव टू डॉटर्स'चं काय? इथे मी मुलींना काही करत नाही, आणि उलटवताही येत नाही."

खरंच. 'टू डॉटर्स आर हॅड बाय मी' कोणी बोलत नाही, तरी 'टू डॉटर्स' ऑब्जेक्टच. पॅसिव्ह होत नाही एवढ्यावरून ऑब्जेक्ट बाद करता येत नाही. मग सर्वनाम घालून बघायचं: 'आय हॅव देम' चालतं, 'द सॅक वेज देम' चालत नाही.

"म्हणजे आकडा असला की ऑब्जेक्ट नाही, असंही नाही?" काट्यावाल्याने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत ताई म्हणाल्या, "मॅडमकडे माझे दोन हजार येणे आहेत, हे इंग्रजीत कसं लिहू?"

'मॅडम ओज मी टू थाउजंड रुपीज.' पोराने लगेच उलटवलं: 'टू थाउजंड रुपीज आर ओड टू मी बाय मॅडम.' बसलं!

"म्हणजे दोन हजार डायरेक्ट ऑब्जेक्ट?" ताईंनी वहीत ठसठशीत रेघ मारली. "मग उद्या डायरेक्टच मागते."