तेलाआधीचा रंग

गेल्या सत्रात छायाचित्रण, जाहिरात आणि माध्यम-विश्लेषण असे तीन विषय आम्हाला एकत्र होते. वेळापत्रकात त्यांचे तास वेगळे होते आणि मीही तीन वह्या केल्या होत्या. पण कोल्हापुरी चपलांच्या एका जोडामुळे तिन्ही वह्यांतला मजकूर एकमेकांत मिसळला. त्या जोडाविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते.

जाहिरातीच्या विषयासाठी एखाद्या स्थानिक उत्पादनाची छापील जाहिरात करून आणायची होती. वर्गातल्या बहुतेकांनी गूळ घेतला, काहींनी कांदा-लसूण चटणी. मी कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एका चपला करणाऱ्या कारागिरांकडे गेले. ते मैत्रिणीच्या वडिलांच्या ओळखीचे, म्हणून ती त्यांना मामा म्हणते आणि मीही मामाच म्हणू लागले. त्यांच्याकडे कापशी पद्धतीचा एक जोड नुकताच पुरा झाला होता: बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, कातड्याच्या वादीने घातलेली शिवण आणि कुठेही खिळा नाही.

पहिल्या दिवसाची सगळी छायाचित्रे फसली. शोभेसाठी मी जोड काळ्या घोंगडीवर ठेवला होता आणि चौकटीचा बहुतेक भाग घोंगडीनेच व्यापला होता. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला समोरची वस्तू मुळात काळी आहे की पांढरी हे कळत नाही; समोर जे आहे ते सरासरीने 18 टक्के प्रकाश परत पाठवणारी मध्यम करडी छटा आहे, असे गृहीत धरून तो हिशेब करतो. त्यामुळे त्याने घोंगडी करडी होईपर्यंत सगळे दृश्य उजळवले आणि चपला पिठूळ, फिकट दिसू लागल्या. हे तत्त्व मी परीक्षेत आकृतीसह लिहिले होते आणि त्याला पुरते गुणही मिळाले होते. प्रत्यक्ष घोंगडीसमोर मात्र ते आठवले नाही. घरी येऊन पडद्यावर पाहिल्यावर स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, सव्वा स्टॉपच्या आसपास कमी केले (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) आणि संध्याकाळचे तिरपे ऊन दारातून आत येईपर्यंत थांबले. शिवाय कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार चित्रातले रंग जुळवणारी मांडणी, ‘सावली’वर ठेवला. सावलीतला प्रकाश निळसर असतो, म्हणून ही मांडणी चित्रात पिवळा-नारिंगी रंग वाढवते. उन्हात वापरली, तर ऊनच अधिक सोनेरी होते. नंतर मोबाईलवर रंगांची तीव्रताही थोडी चढवली. चपला तांब्यासारख्या तांबूस, तेल पाजल्यासारख्या दिसू लागल्या. खाली ‘पावलापावलात परंपरा’ अशी ओळ टाकली, जी आज वाचताना मला थोडी लाज वाटते. सरांना मात्र मसुदा आवडला.

त्याच आठवड्यात माध्यम-विश्लेषणाच्या तासाला रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताचा 1964 चा निबंध होता. पांझानी या कंपनीची एक छापील जाहिरात त्याने उलगडून दाखवली आहे. जाळीच्या पिशवीतून पास्त्याची पाकिटे, टोमॅटो, कांदे बाहेर येत आहेत, एवढेच चित्र आहे. पण त्यातून ताजेपणा, नुकताच केलेला बाजार आणि ‘इटलीपण’ एवढे सगळे सूचित होते. वर्गाला हे नवे वाटत असताना मला अकरावीच्या मराठीतल्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना, म्हणजे शब्दाचा सरळ, लाक्षणिक आणि सूचित अर्थ देणाऱ्या शक्ती, आठवत होत्या. शब्दांच्या बाबतीत आपल्याकडे हा विचार फार पूर्वी झालेला आहे, हे मी उत्साहाने बोलूनही दाखवले. त्यावर सरांनी विचारले, ‘मग तुझ्या चपलेची व्यंजना काय?’ मी ‘परंपरा’ असे उत्तर दिले आणि खाली बसले.

बार्थची दुसरी गोष्ट मला अधिक उपयोगी पडली. चित्राचे अर्थ अनेक असतात आणि त्याखालची ओळ त्यांतला एखादा अर्थ नांगर टाकावा तसा पक्का करते, असे तो म्हणतो. हे पडताळण्यासाठी आम्ही वर्तमानपत्रांची कात्रणे जमवली. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्या वेळी कोल्हापूरचा उल्लेख केला नाही आणि टीका झाल्यावर त्यामागची भारतीय प्रेरणा मान्य केली. या चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, आहे आणि त्यात महाराष्ट्र व कर्नाटकातले प्रत्येकी चार जिल्हे येतात. आमच्या बऱ्याच कात्रणांत मात्र कर्नाटक नव्हतेच. चित्रे बहुतेक ठिकाणी रॅम्पवरच्या पायांची होती. चप्पल करणारे हात दिसले, तेही आतल्या पानावर. मी ते सगळे तावातावाने लिहून काढले, आणि वही मिटल्यावर लक्षात आले की माझ्या जाहिरातीतही हात नव्हता.

जाहिरात छापण्याआधी मामांना दाखवायला गेले. त्यांनी कागद दाराशी नेऊन उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

‘फोटो झ्याक आलाय. पर पोरी, ह्यो रंग आमच्याकडं न्हाई. उद्या गिऱ्हाईक हाच दावा म्हणालं, तर मी काय दावू?’

मी म्हटले, ‘मामा, खाली बारीक अक्षरांत लिहिते की प्रत्यक्ष रंगात फरक असू शकतो.’

हे बोलतानाच मला जाहिरातीची वही आठवली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राने 2022 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत खुलाशाची ओळ मूळ दाव्याच्याच भाषेत असावी असे आहे, आणि दिशाभूल करणारा दावा अशा ओळीने दुरुस्त करू पाहू नये असेही आहे. गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात समोर ठेवून आम्ही या कलमावर हसत हसत चर्चा केली होती. रंग मीही बदलला होता, फक्त तो चेहऱ्याचा नव्हता, कातड्याचा होता.

मामा रागावले नव्हते. त्यांनी आतून त्यांचे स्वतःचे, दोन-तीन वर्षे वापरलेले पायताण आणले आणि नव्या जोडाशेजारी ठेवले. नवा जोड फिकट बदामी होता आणि जुना जवळजवळ माझ्या छायाचित्रातल्या रंगाचा. म्हणजे तो रंग पूर्णपणे खोटा नव्हता. तो तेलाने, घामाने आणि वापराने यायचा होता आणि मी तो पहिल्याच दिवशी देऊन टाकला होता.

दोन्ही जोड शेजारी ठेवून, सकाळच्या सावलीत, पांढऱ्या कागदावरून व्हाइट बॅलन्स जुळवून मी पुन्हा छायाचित्र घेतले. या वेळी कडेला मामांचा हात आणि त्यातली आरीही येऊ दिली. चित्र पहिल्यापेक्षा साधे आहे, आणि सरांनी मला गुण पहिल्याच जाहिरातीवर दिले, कारण ठरलेल्या तारखेला तीच जमा झाली होती. दुसरे छायाचित्र मी मामांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. दोन दिवसांनी ते त्यांच्या स्टेटसवर दिसले. माझी परंपरेची ओळ त्यांनी घेतली नव्हती. त्यांनी स्वतः टाइप केले होते: ‘डावीकडचा नवा. तेल लावत ऱ्हायलं की उजवीकडच्यासारखा हुतो.’