डिव्हायडरवरची मेलेली झाडं आम्ही उकरून बघितली तेव्हा

मी मराठवाड्यात उद्यानविद्या शिकवते आणि गेल्या मे महिन्यातला एक दिवस सविस्तर लिहून ठेवावा असं कधीपासून मनात होतं, कारण त्या दिवसानंतर आमच्या कॉलेजातलं प्रॅक्टिकलच बदललं.

झालं असं की एका तालुक्याच्या गावाबाहेरच्या बायपासवर मागच्या पावसाळ्यात डिव्हायडरमध्ये कडुनिंब, करंज आणि बहावा लावले होते, चांगली आठ-दहा फुटांची रोपं. एप्रिलपर्यंत त्यातली बहुतेक वाळली. लोक म्हणत होते पाणीच घातलं नाही, टँकरवाला म्हणत होता मी रोज घालतोय, आणि दोघंही खरंच बोलत होते. वाळकी झाडं तशीही काढायचीच होती म्हणून रीतसर परवानगी मागितली की ती फेकून देण्याआधी आमची मुलं मुळासकट उकरून बघतील. मिळाली. सकाळी सहाला तिसऱ्या वर्षाची मुलं, टिकाव, पहार, घमेली आणि आमच्या नर्सरीतले मामा असे सगळे पोचलो, कारण दहानंतर तिथे उभं राहवत नाही.

पहिला करंज एका मुलाने एका हाताने ओढला आणि तो अख्खा वर आला. खाली काळी पिशवी तशीच! नुसती बुडाला एक चीर मारलेली. आत मुळांचा गोळा, बरोबर पिशवीच्या मापाचा, आणि जवळपास वर्षभर जमिनीत राहून एक मुळी बाहेर गेलेली नाही. दुसरं झाड कडुनिंबाचं, त्याची पिशवी काढलेली होती म्हणून मुलांना वाटलं इथे कारण वेगळं असणार, पण बादलीत धुतल्यावर दिसलं की सोटमूळ पिशवीच्या बुडाला टेकून वळलंय, तसंच गोल गोल फिरत पुन्हा वर आलंय. मामांनी बोटाने ते वेटोळं दाखवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे नर्सरीतच मेलं होतं, हितं आणून फकस्त वाळलं."

रोप पिशवीत किती दिवस राहिलं याचा हा सगळा खेळ आहे. कडुनिंबासारखं झाड आधी खाली जातं मग वर येतं, ही त्याची कोरड्या मुलखातली रीत, आणि आपण त्याला पिशवीत कोंडून वर वाढवतो कारण खरेदी करताना उंची बघतात, खोडाची जाडी बघतात, मुळी कोण बघतं? मग वर आठ फूट पानोळा आणि खाली वीतभर मुळं, आणि मे महिन्यात डांबराच्या झळा. पानांतून जितकं पाणी उडतं तितकं ओढायला खाली काही नाहीच.

खड्ड्याची माती म्हणावं असंही काही नव्हतं. वर चार बोटं काळी माती आणि खाली रस्त्याच्या कामातला डब्बर, खडी, सिमेंटचे गठ्ठे. मातीचा सामू (पीएच) मोजला तर साडेआठच्या वर, म्हणजे माती बरीच अल्कधर्मी. अशा चुनखड असलेल्या जागी लोह असूनही झाडाला घेता येत नाही, शेंडा पिवळा पडतो, आणि मग लोक पाणी कमी पडलं समजून अजून पाणी ओततात.

पाण्याचंही तिथेच बघितलं. टँकरवाले भाऊ आलेच होते, त्यांना म्हटलं तुम्ही रोज घालता तसंच घाला. गाडी हळूहळू चालू, पाइप हातात, एका झाडाला जेमतेम काही सेकंद. तासाभराने खणलं तर ओल बोटाच्या दोन पेरांइतकी आणि त्याखाली भुगा. मग मुलांना तिथेच हिशोब करायला लावला. आमच्याकडे मे महिन्यात उघड्या भांड्यातून दिवसाला दहा मिलिमीटरच्या वर पाणी उडतं, एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे ओल्या आळ्यातून मुळीला काही मिळायच्या आधीच किती वर जातं ते बघा. भाऊंचं मला अजिबात चुकीचं वाटत नाही, त्यांना तेवढ्याच डिझेलमध्ये सगळी लाइन संपवायची असते. पण तेच पाणी आठ-दहा दिवसांतून एकदा, आळं भरून, सावकाश दिलं आणि वर पाचट टाकलं तर ओल खाली जाते, मुळी तिच्या मागे जाते आणि वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, टिकतो.

आणि मग ती गोष्ट जिच्यासाठी मी हे लिहायला घेतलं. त्याच डिव्हायडरच्या कडेला, काठाच्या दगडांच्या म्हणजे कर्बच्या फटीत, एक कडुनिंब आपोआप उगवलेला होता, पाखराने टाकलेल्या बीपासून. जेमतेम कमरेएवढा पण हिरवागार. जात तीच, रस्ता तोच, ऊन तेच, आणि टँकरचं पाणी तर त्याच्या वाट्याला येतच नव्हतं. त्याला न दुखवता बाजूने खणत गेलो. आमच्या खड्ड्याचा तळ ओलांडून सोटमूळ सरळ खाली गेलेलं, डब्बरातल्या फटीतून, आणि पहार लागेना इतकं खोल. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग आपण नर्सरी कशाला शिकतोय?" फार बरोबर प्रश्न होता. उत्तर असं की नर्सरी लागतेच, पण मुळासाठी चालवलेली. लांब, अरुंद, आतून उभ्या रेघा असलेले रूट ट्रेनर, ज्यात मुळी वळत नाही, खाली येऊन हवेला लागते आणि तिथे छाटली जाते, आणि रोप दोन-तीन फुटांचं असतानाच पहिल्या पावसात जमिनीत.

आमच्याकडे सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, मधे खंड. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं हे या मुलांनी शाळेत असताना पाहिलंय. अशा ठिकाणी शहरात झाड लावायचं तर प्यायच्या पाण्यावर ते जगवणं पटत नाही, सांडपाणी शुद्ध करून द्या, आणि मुळात पहिली दोन-तीन वर्षं सोडली तर पाणी मागणार नाही असंच झाड आणि असंच रोप निवडा. आपले अभ्यासक्रम लॉन, हेज, कुंड्या छान शिकवतात, मुळी धुवून बघायला क्वचितच लावतात, आणि हे मला खरंच टोचतं.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक मुलाला एक रोप उभं चिरून, मुळी धुवून, चित्र काढून द्यावं लागतं, त्याशिवाय प्रॅक्टिकलला सही नाही. बायपासचा अहवालही मुलांनीच लिहून दिला. त्यात मुख्य मागणी एकच: रोपांचा ट्रक आला की दर लॉटमधली थोडी रोपं पिशवी फाडून बघायची, वेटोळं दिसलं तर लॉट परत. उंचीची अट काढा असंही लिहिलं होतं, ती काही निघाली नाही. पण जूनमध्ये तिथल्या इंजिनियर साहेबांचा स्वतःहून फोन आला, "मॅडम, उद्या गाडी येतीय, पोरं पाठवता का?" पोरं गेली, ब्लेड घेऊन. करंजाचा लॉट परत पाठवला, बहावा ठेवला, आणि कर्बमधल्या त्या कडुनिंबाला ट्री गार्ड लावून आली.