वळचणीचे पाणी कोणाच्या अंगणात?

फोंडा तालुक्यातील आमच्या घराच्या उत्तरेला चिऱ्यांचा (जांभ्या दगडांचा) जुना गडगा, म्हणजे हद्दीवरचे कुंपण, आहे. गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी त्याला लागूनच स्वयंपाकघर वाढवायला घेतले, तेव्हा भिंत आमच्या हद्दीत आली आहे, असे मी मनाशी धरूनच बसलो होतो. भूमापन खात्यातून नकाशाची प्रत आणल्यावर मात्र माझा जोर ओसरला, कारण 1:1000 प्रमाणाच्या त्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अर्धा मीटर जागा व्यापते, आणि वाद नेमका तेवढ्याच जागेचा होता. शेवटी अर्ज करून रीतसर मोजणी करून घेतली. भिंत त्यांच्याच जागेत निघाली. वाकडा होता तो गडगा, एका टोकाला वीतभर. तो माझ्या आजोबांनी घातला होता, हे मी त्या वेळी बोललो नाही.

खरी अडचण वर होती. नव्या छपराचा पत्रा हद्दीच्या हातभर अलीकडे आला होता आणि त्याचा सगळा उतार आमच्या बाजूला होता. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे 20 चौरस मीटरच्या त्या पत्र्यावरून वर्षभरात जवळजवळ 60,000 लिटर पाणी आमच्या भिंतीच्या पायथ्याशी उतरणार. चिरा सच्छिद्र असल्याने पाणी शोषून घेतो. जुलैत आतल्या खोलीच्या गिलाव्याला गुडघाभर उंचीपर्यंत ओल आली आणि त्यावर मिठासारखा पांढरा थर फुटला.

गोवा पंचायत राज कायदा, 1994 च्या कलम 66 नुसार पंचायतीच्या परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही, म्हणून तक्रारीचा मसुदा मी लिहून ठेवला होता. पण त्यांच्याकडे परवानगी असेल तर पागोळ्यांचे काय, याचे उत्तर त्या मसुद्यात नव्हते. तेव्हा त्यांनाच घरात बोलावले आणि म्हटले, "भाई, भिंत तुमचीच, पण जरा इथे हात लावून पाहा." त्यांनी हात लावला, ओले बोट लुंगीला पुसले आणि सुताराचा नंबर शोधू लागले.

चतुर्थीपूर्वी पत्रा हद्दीपर्यंत कापला गेला, पन्हळ बसली आणि नळ रस्त्याच्या गटारापर्यंत नेला. नळाचा अर्धा खर्च मी दिला. त्यांची नवी खिडकी आमच्या न्हाणीघरासमोरच उघडते. तिथे सध्या दोन्हीकडे पडदे आहेत.